माझ्या चेहऱ्याला लागणारी फिल्म

आमचे घरमालक माणसाच्या डोळ्यांत बघत नसत, गालाकडे बघत. मी नळदुर्गला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायला लागलो आणि त्यांची वरची खोली भाड्यानं मागायला गेलो, तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, पगार यातलं काहीच विचारलं नाही. ओसरीवरून दंडाला धरून मला अंगणातल्या उन्हात नेलं, एका बोटानं हनुवटी वर केली आणि मान कलती करून माझा डावा गाल बराच वेळ न्याहाळला.

"चारशेची," ते म्हणाले. "एकशेसाठची न्हाय पेलायची तुमाला." मग आत बघून मोठ्यानं, "अगं, सरांना वरची किल्ली दे."

आपण कुठल्यातरी परीक्षेत पास झालो अशा समजुतीत मी वर सामान लावलं. आकडे कसले होते ते पुढे कळलं. जुन्या कॅमेऱ्यात घालायचे ते रंगीत निगेटिव्हचे रोल, त्यांच्या वेगाचे ते आकडे; उजेड कमी तितका आकडा मोठा लागतो. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल असताना, हायवेवर ट्रकांची रांग लागणाऱ्या या गावात एक निवृत्त गृहस्थ समोर येणाऱ्या प्रत्येकाला मनातल्या मनात फिल्म ठरवून टाकत होते. दूधवाला एकशेसाठचा, पोस्टमन चारशेचा, शेजारचे गुरुजी आठशेचे. गुरुजी आठशेचे का, तर ते कधी उजेडात येतच नाहीत, असं मालकांचं म्हणणं.

मालक उभी नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. साखर किती पांढरी झाली हे बघणं हेच त्यांचं काम. रस आला की चुना, मग गंधकाची धुरी, मग पांढरेपणाची तपासणी, की पुन्हा दुसरा रस. निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं, "आजपासनं घरात साखर आणायची न्हाय. जल्मभर पांढरं केलं, आता बास." तेव्हापासून त्या घरात गुळाचा चहा. मीही तोच प्यायचो आणि आवडतो म्हणून सांगायचो. भाडेकरूला मतं ठेवून चालत नाही.

रंगांना त्यांनी उसापासून होणाऱ्या जिनसांचीच नावं दिली होती. कुणी गूळ, कुणी राब, कुणी नुसता उसाचा रस. मी काकवी.

"मळी म्हणालो न्हाय, ध्यानात घ्या," ते मला समजावत. "मळीत तांबडं मरून गेलेलं असतंय. काकवी उन्हात धरली की आतनं तांबडी दिसती. तुमच्या कातडीत ते तांबडं जितं हाय अजून. भडक फिल्लम घातली तर ते उसळंल आन तुमी भाजलेल्या विटंवानी दिसताल. मवाळ फिल्लम पायजे."

माझ्या रंगाबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. लहानपणापासून मी 'सावळा' होतो, म्हणजे घरच्यांच्या तोंडी. बाहेरचे लोक सरळ शब्द वापरायचे.

फिल्म फ्रिजमध्ये असायच्या, दारातल्या अंडी ठेवायच्या खळग्यांत. घरात अंडं येत नव्हतं म्हणून ती जागा आपली, असा त्यांचा दावा. काकूंनी एकदा तिथं लिंबं ठेवली तर त्यांनी ती सगळी लिंबं दिवसभर खिशात घेऊन हिंडवली आणि संध्याकाळी परत केली. पाहुण्यानं पाण्यासाठी फ्रिज उघडला की ओसरीवरून आवाज यायचा, "दार लावा! दार लावा!" उन्हाळ्यात वीज गेली की सगळं गाव वीज कंपनीला नावं ठेवायचं. मालक मात्र फिल्म डब्यात भरून माठाशेजारच्या ओल्या वाळूत नेऊन ठेवायचे आणि वीज येईपर्यंत शेजारी बसून राहायचे. वाळूतनं पाणी आत गेलं तर काय, असं मी एकदा विचारलं. त्या रात्री मला जेवायला बोलावणं आलं नाही.

आता एवढं सगळं करणाऱ्या माणसानं फोटो किती काढावेत? जवळजवळ नाहीच. फिल्म निवडण्यातच त्यांचा जीव रमायचा. बटण दाबायची वेळ आली की उजेड उतरलेला असायचा, नाहीतर माणसानं नको त्या रंगाचा सदरा घातलेला असायचा, नाहीतर मागची भिंत पोपटी असायची. पोपटी भिंतीचा त्यांना फार राग. "भिंतीचा रंग गालावर चढतो," म्हणायचे, आणि आमच्या गावात तर घराआड घर पोपटी. काकूंचा फोटो लग्नापासून राहिला होता. मी कारण विचारलं तर म्हणाले, "हिचा रंग सकाळी एक, दुपारी एक. आन माझ्याशी बोलताना तिसराच. कुठली फिल्लम घालू?"

"माझा आधार कार्डावरचा हाय तेवढा पुरे," काकू आतून म्हणाल्या.

आता माझ्याकडे वळतो. तेव्हा माझं एकच काम अडलं होतं, लग्न. वडील नाहीत. आई ढोकीजवळच्या आमच्या गावात, थोडीशी शेती, मी एकटा. वय असं झालं होतं की नातेवाइकांनी विचारणं सोडून सांत्वन सुरू केलं होतं. आमच्याकडे आता पोरांना मुली मिळत नाहीत. नोकरी कायम आहे का, पुण्यात आहे का, पुण्यात नसली तर का नाही, असे प्रश्न येतात. त्यातून पार झालो तरी माझं स्थळ फोटोपाशी अडायचं. म्हणजे फोटोपाशी नाही, फोटोच्या नंतर.

बायोडाटासाठी मी एका स्टुडिओत फोटो काढला होता. स्टुडिओवाल्यानं मला न विचारता कॉम्प्युटरवर उजळ केलं. गाल गुळगुळीत, कपाळ चकाकतंय, ओठ गुलाबी. मी तो बघून स्वतःच स्वतःवर खूश झालो आणि चार ठिकाणी पाठवून दिला. त्यावरून एक बोलावणं आलं. आई, मामा आणि मी गेलो. गाडीतून उतरलो, चपला काढल्या, बसलो. मुलीच्या वडिलांनी पाणी दिलं, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, "नवरदेव मागच्या गाडीत हायत का?"

पोहे आम्ही खाल्ले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

ही हकिकत मी घरी आल्यावर मालकांना हसतहसत सांगितली. मला वाटलं तेही हसतील. ते उठले, फ्रिजचं दार उघडून उभे राहिले आणि गार वारा तोंडावर घेत म्हणाले, "तुमचा फोटो म्या काढणार. हाय तसा. आन त्याच फोटोवर तुमचं लगीन जमणार."

तो दिवस कार्तिकातला होता. फोटो निघाला फाल्गुनात.

मधले महिने ते माझी फिल्म निवडत होते. चारशेची हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं, पण चारशेचीत भडक की मवाळ, ताजी की मुदत संपत आलेली, यावर त्यांचं मन दर आठवड्याला फिरायचं. मी सकाळी दात घासायला गच्चीत आलो की खालून हाक, "सर, तसंच थांबा. तोंड पुसू नका." दुपारी डबा खाताना बघायला यायचे. एकदा मी अकरावीच्या वर्गात शिकवत होतो आणि पोरं एकदम खिडकीकडे बघून हसायला लागली. खिडकीत मालक, हातात उजेड मोजायचं जुनं मीटर, ते माझ्या तोंडाच्या दिशेनं धरलेलं. फळ्यावर धड्याचं नाव होतं, काळी मृदा. पुढचे सगळे महिने पोरांनी मला काय नाव ठेवलं होतं ते सांगत नाही.

पथ्यही होतं. क्रीम बंद. टोपी बंद, नाहीतर कपाळ आणि गाल वेगवेगळे येतात. दाढी रोज नाही, एक दिवस आड. माझ्या कपाटातला फेसवॉश त्यांनी काकूंना भांडी घासायला दिला. काकू म्हणाल्या, भांडी बरी निघाली.

मी हे सगळं का सोसलं, असं मला कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी विचारलं होतं. खरं सांगायचं तर आजवर कुणी माझ्या तोंडाकडे इतक्या आवडीनं बघितलं नव्हतं. लग्न जमत नसलेल्या माणसाला तेवढंही पुरतं.

शेवटी जागा ठरली. गावाबाहेर काकूंच्या भावाचं शेत होतं. ज्वारी काढून झालेली, कडब्याची गंज रचलेली. दिवस कलला की ऊन त्या गंजीवर पडायचं आणि गंजीवरून परतून समोर बसलेल्याच्या तोंडावर यायचं. "हा उजेड इकत मिळत न्हाय," मालक म्हणाले. गंजीच्या बाजूला त्यांनी मला एका पालथ्या टोपल्यावर बसवलं. मागे दाव्याला म्हैस होती. ती काढू का, असं काकूंच्या भावानं विचारलं तर मालक म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. काळा रंग कुठवर काळा येतो ते कळाय पायजे." म्हणजे मला तोलायला म्हैस होती.

मीटर माझ्या गालाला लावून त्यांनी आकडा बघितला आणि उजेड मुद्दाम एक घर जादा ठेवला. "निगेटिव्हला भरपूर पाजायचं. उपाशी ठिवली की सावलीत राख साठती." मग कॅमेरा डोळ्याला लावला आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मी जरा हसलो.

"दात मिटा! सगळा हिशोब बिघडंल."

म्हणून त्या फोटोत मी म्हशीपेक्षा गंभीर आहे. दोन-तीनदाच बटण दाबलं त्यांनी. नंतर कॅमेरा उपरण्यात गुंडाळला आणि घरापर्यंत तो छातीशी धरून चालत आले. त्यांचे डोळे भरून आले होते.

रोल सोलापूरला गेला. तिथं एका जुन्या लॅबमध्ये रंगीत फिल्म अजून धुतली जायची, पण पुरेसे रोल साठले की मगच. आम्ही वाट बघत राहिलो. एकदाचं पाकीट आलं. मालकांनी हात धुतले, पुसले, फोटो बाहेर काढला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ह्यो कोण?" ते म्हणाले.

मी वाकून बघितलं. मी होतो. म्हणजे मी व्हायला हवा होतो. लॅबमधल्या माणसानं प्रिंट काढताना सवयीप्रमाणे चेहऱ्यासाठी मशीनवर सगळाच फोटो उजळून दिला होता. लग्नाचे अल्बम करणारा माणूस, गिऱ्हाइकाला काय आवडतं ते त्याला पाठ. त्यानं तर उपकारच केले होते. मालक पाकीट टाकून तसेच मोटारसायकलवर बसले आणि सोलापूरला भांडायला निघून गेले.

ते गेल्यावर मी फोटो पुन्हा उचलला. छान आला होता हो. कडब्याचा सोनेरी उजेड, मागे संध्याकाळ, आणि पुढे बसलेला गोरा, गंभीर, विचारी तरुण. बराच वेळ बघितलं. मग मोबाईलवर त्याचा फोटो काढून आईला पाठवला, नुसता बघायला म्हणून. आईनं तो शेजाऱ्याच्या पोराकडून लगेच मध्यस्थांना धाडला. संध्याकाळी मालक हात हलवत परत आले. लॅबवाला म्हणाला होता, आता पुढचे रोल साठतील तेव्हा मशीन लावीन आणि पाहिजे तितका काळा करून देईन. त्याच वेळी माझा फोन वाजला. माकणीहून बोलावणं आलं होतं.

मालकांना कळल्यावर त्यांनी तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पण वडिलांच्या जागी मोठं माणूस लागतं, म्हणून रविवारी इस्त्रीचा सदरा घालून जीपमध्ये तेच आधी बसले, मग काकू आणि आई. वरच्या खिशात निगेटिव्हची पट्टी होती.

मुलगी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होती; तिचा आलेला फोटो आईनं जीपमध्ये सगळ्यांना दाखवला होता. वडील अबोल, बोलणारे तिचे चुलते. आम्ही बसलो, पाणी झालं, आणि चुलत्यांनी आधी मोबाईल बघितला, मग मला बघितलं. मला पुढचं वाक्य माहीत होतं. मी पोह्यांची तयारी केली.

"सर, फोटो तुमचाच का?" चुलते म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत मालक उभे राहिले. "त्यांचाच. पर खोटा. मानूस काळा हाय. फोटो म्या काढलाय आन काळाच काढलाय, लॅबवाल्यानं घाण केली." आईनं डोळे मिटून घेतले. मालक खिशातली पट्टी खिडकीच्या उजेडात धरून सगळ्यांना बोलवायला लागले, "या, बगा, ह्यात सगळं खरं हाय." पट्टीत रंग उलटे दिसतात, काळा गोरा दिसतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. चुलते जवळ जाऊन बघत म्हणाले, "ह्यात तर आनखीच गोरे दिसतेत."

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. मालकांनी पट्टी खाली घेतली, तिच्या गालाकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाले, "आन बाई, तुमचाबी फोटो खोटाच हाय. तुमी गूळ हाव. फोटोत साखर केलीया तुमची."

चुलत्यांचा चेहरा कडक झाला. काकूंनी मालकांचा सदरा मागून ओढला. मला वाटलं, संपलं. हे स्थळ गेलं, आणि ही गोष्ट तालुकाभर गेली की पुढचंही एकही यायचं नाही. मला ती मुलगी आवडली होती, हे त्याच क्षणी कळलं.

तिनं ट्रे खाली ठेवला. "खरंय," ती म्हणाली. "माझा फोटो मलाच ओळखू येत न्हाय." मग माझ्याकडे वळली. "तुमचा बघून तर मी न्हायच म्हणणार होते. मी तुमाला बघितलंच न्हाय, मागची म्हैस बघितली. म्हैस राखाडी दिसत होती. म्हटलं एकतर जनावर आजारी हाय, न्हायतर मानूस लबाड." जरा थांबून तिनं विचारलं, "तुमाला माहीत होतं, फोटोत उजळ केलंय ते?"

"व्हय," मी म्हणालो. "आन मला लई आवडला होता."

ती हसली. आधी तोंडाला पदर लावून, मग मोकळीच. चुलत्यांना काही कळेना. वडील मात्र पहिल्यांदा बोलले, "चहा घ्या, गार होतोय."

निघताना चुलते जीपपाशी आले आणि आईला म्हणाले, "पोरगी व्हय म्हणती. चांगला दिवस बगून बोलणी करू." आईनं तिथंच पदरानं डोळे पुसले.

जीप रस्त्याला लागली. काकू आणि आई साड्यांचं बोलायला लागल्या. मालक खिडकीला डोकं टेकून बाहेर बघत बसले होते. मी म्हणालो, "मालक, तुमच्यामुळं जमलं."

"माझ्यामुळं न्हाय जमलं," ते बाहेर बघतच म्हणाले. "माझा फोटो बगून ती न्हाय म्हणणार होती. हिवाळाभर फिल्लम निवडली म्या, सर. तुमचं काम म्हशीनं केलं." मग अगदी हळू, "लग्नात फोटो दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते सहन झालं नाही. या म्हाताऱ्यानं माझा चेहरा माझ्यापेक्षा जास्त वेळ बघितला होता. मला त्यांच्याबद्दल किती माया वाटते, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं आणि जीपमध्ये सांगता येण्यासारखं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला.

"न्हाय," मी म्हणालो. "लग्नाचा फोटो तुमीच काढायचा. तिच्या रंगाची फिल्म निवडा, माझ्या रंगाची निवडा, किती दिस लागायचे ते लागू द्या. तवर लग्न थांबवू."

पुढच्या सीटवरचं साड्यांचं बोलणं थांबलं. आईनं मागे वळून आधी मालकांकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"तुला थांबायचं तर तू थांब," ती म्हणाली. "सून म्या येत्या महिन्यात घरी आणणार."